बर्फातलं मौन आणि आपला स्पीकर



मागच्या महिन्यात आम्ही सचिनहून मनालीला जाऊन आलो हे ग्रुपवरच्या फोटोंमुळे सगळ्यांना माहीतच आहे. फोटो बघून कितीतरी जणींनी विचारलं, "ताई, बर्फात मजा आली ना?" मजा आलीच. पण एक गोष्ट फोटोत आलेली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. थोडं लांबेल. दुपारी कामं आटोपली की वाचा.

आम्ही घरचे अकरा जण. सुरतहून रेल्वेने अंबाला, पुढे रात्रभर गाडी. मिलमधून सुट्टी मोजकीच मिळते, त्यामुळे बर्फासाठी हातात शनिवार-रविवार एवढेच दोन दिवस होते, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. मनालीच्या वर, सोलंगच्या वाटेवर एका गावात राहत्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर अंगण, कुंपण, सफरचंदाची झाडं, सगळं पांढरं. पण मला पहिल्यांदा जाणवलं ते पांढरेपण नाही, आवाज गेलेला जाणवला. आपल्या सचिनमध्ये शांतता म्हणजे काय, तर लाईट गेली की लूम्स थांबतात तेवढीच. अठ्ठावीस वर्षं मी त्या खडखडाटात झोपते आहे, बंद पडला तर जाग येते! इथे मात्र कोणी चाललं तरी दहा पावलांवर ऐकू येईना. आमचा पुतण्या इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "काकू, ताज्या भुरभुरीत बर्फात हवेच्या बारीक बारीक जागा असतात, आवाज त्यात मुरतो. दोन-तीन दिवसांनी हाच बर्फ दबून टणक झाला की आवाज उलटा परत येईल." मी तिथेच पायरीवर बसून पाच मिनिटं नामस्मरण केलं. खरं सांगते, इतकं एकाग्र मन केंद्रातही क्वचित होतं.

आणि दहाव्या मिनिटाला आम्हीच त्या शांततेची वाट लावली.

भाड्याचे कोट आणि गमबूट चढवून सगळे घरामागच्या उतारावर गेलो. पोरं घसरायला लागली, जाऊबाई दोनदा पडल्या, आमचे हे लहान मुलासारखे बर्फाचे गोळे फेकत होते. मग पुतण्याने सोबत आणलेला मोठा स्पीकर सुरू केला आणि बर्फात गरबा सुरू झाला. मीसुद्धा नाचले, लपवत नाही.

थोड्या वेळाने घरमालकीण आली. चाळिशीची असेल. हात जोडून हळूच म्हणाली, "दीदी, गाना थोड़ा बंद कर देंगे? हमारे यहाँ अभी देवता मौन में हैं."

तिने सांगितलं ते असं. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या मिळून नऊ गावांत मकरसंक्रांतीपासून बेचाळीस दिवस मौन पाळतात. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि कंचन नाग हे त्यांचे देव या काळात स्वर्गात जातात, तपाला बसतात, अशी श्रद्धा आहे. देवळातली पूजा बंद, घंटा वाजत नाही, टीव्ही-रेडिओ बंद, फोनची रिंग बंद, शेतात कुदळसुद्धा मारायची नाही. गोशालच्या देवळात पिंडीवर मातीचा लेप देतात. बेचाळीस दिवसांनी तो काढला की त्यात काय निघतं, त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते सांगतात. आम्ही गेलो तेव्हा ते दिवस संपायला जेमतेम तीन-चार दिवस उरले होते. आमच्या नाचाने एवढ्यात देवाची समाधी मोडते का काय असं तिला वाटत असणार, पण ती तसं बोलली नाही.

स्पीकर बंद झाला. पण पुतण्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता आणि संध्याकाळी शेगडीभोवती बसल्यावर त्याने विषय काढलाच. "काकू, आपण पैसे भरलेत ना? त्यांचा देव आपला देव नाही. मौन पाळायचं तर त्या दिवसांत पाहुणे घ्यायचेच नाहीत. आणि असं प्रत्येकाचं ऐकायला लागलो तर उद्या कोणी म्हणेल हसूसुद्धा नका."

मला त्याचं म्हणणं उडवून लावता आलं नाही. कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलंय, पण उत्तर सुचेना. माझी ज्यावर श्रद्धा नाही ते बंधन माझ्यावर का? बरं, थंडीच्या महिन्यांत त्या लोकांचं पोट पाहुण्यांवर चालतं, पैसे नको कसे म्हणतील? पण म्हणून पैशाबरोबर त्यांनी त्यांचं अंगणही आपल्याला विकलं असं होतं का? मी त्याला एवढंच म्हणलं, की त्यांना आवाज नको असेल तर ते घर सोडून कुठे जाणार? आपण सोमवारी निघून जाऊ. डोळे मिटता येतात रे, कानाला पापणी नसते. तो म्हणाला, "हे पटलं." आणि मग त्याने सहज विचारलं, "मग आपल्या सप्ताहाचं काय?"

ताईंनो, मी गप्प झाले. कारण त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

मागच्या वर्षीच्या सप्ताहात स्पीकरची सेवा माझ्याकडे होती. एक भोंगा केंद्राच्या गच्चीवर, एक गल्लीच्या तोंडाशी. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातली गुजराती सून आली होती. "बेन, थोडुं धीमुं करो ने, बापुजीने ऊंघ नथी आवती." तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. मी तिला हसून म्हणाले, "देवाचं नाव आहे, कानावर पडलं तर बरंच वाटेल त्यांना." आवाज कमी केला नाही. ती काही न बोलता परत गेली. पुढच्या महिन्यात तिचे सासरे गेले. ते आजारीच होते, स्पीकरने गेले असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या सात रात्रींची झोप मी काढून घेतली, आणि वर त्याला सेवा म्हणाले.

रात्री दहाच्या आत बंद करत होतो, हे खरं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायला बंदी आहे, ती आपण मोडली नाही. पण वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ती आपण पाळली का? कोणी मोजलीच नाही. आणि आजारी माणूस काय रात्री दहानंतरच झोपतो?

त्या बाईचा देव मौनात होता, माझा देव भोंग्यात होता. ती मला हात जोडून गप्प करत होती, मी मात्र कोणाला न विचारता सगळ्या गल्लीला ऐकवत होते. वर माझी समजूत, की त्यांच्या भल्यासाठीच करते आहे.

परत आल्यावर गीता उघडली. सतराव्या अध्यायात तपांची यादी आहे. मला वाटत होतं मौन वाणीच्या तपात असेल. तर ते सोळाव्या श्लोकात, मनाच्या तपात निघालं. वाणीचं तप त्याच्या आधीच्या श्लोकात आहे, आणि त्यात सर्वांत आधी काय येतं, तर आपल्या बोलण्याने कोणाला उद्वेग होऊ नये. त्याच श्लोकात स्वाध्यायाचा अभ्यासही आहे, पण तो शेवटी. इतकी वर्षं पारायणं केली, हा क्रम डोळ्यांत भरला नव्हता.

रविवारी आम्ही स्पीकर खोलीतच ठेवला. दुपारपर्यंत ऊन पडून बर्फ ओला, जड झाला होता, चालताना पाय रुतत होते. पोरं तरीही खेळलीच. खिदळत होती, ओरडतही होती. घरमालकीण उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघून हसत होती. म्हणजे हसण्याला तिचा विरोध नव्हताच.

सचिनला आल्यावर मी समोरच्या घरी गेले. सासऱ्यांच्या फोटोला हार होता. मी माफी मागितली. तिला आधी आठवेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग आठवलं, आणि ती म्हणाली, "ते रात्री ते पंखा मोठा करायला लावायचे, आवाज कमी ऐकू यावा म्हणून." आणि चहा ठेवायला आत गेली.

यंदाच्या सप्ताहाला गच्चीवर भोंगा लावायचा नाही, हॉलच्या आत एकच छोटा स्पीकर ठेवायचा, असं मी केंद्रात सुचवलं आहे. दोन ज्येष्ठ सेवेकरी नाराज आहेत. ज्यांना येता येत नाही त्या म्हाताऱ्या मंडळींना घरबसल्या आरती ऐकू यायची, ती बंद होईल, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. त्यांच्यासाठी फोनवरून आरती ऐकवता येईल का हे मुलं बघत आहेत. गुरुवारी आरतीनंतर बैठक आहे. आपापल्या गल्लीतल्या लोकांना विचारून या.