समुद्राला कोण हलवतं?

आजचं वाचन: गीता, अध्याय २, श्लोक ७०



हा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. चहूकडून पाणी येऊन मिळतं, तरी समुद्र आपली जागा सोडत नाही. तशा कामना ज्याच्यात शिरतात पण ज्याला ढळवत नाहीत, त्याला शांती मिळते, असा त्याचा भाव. ज्ञानेश्वर माउली त्यात भर घालतात, की उन्हाळ्यात नद्या आटल्या म्हणून समुद्र उणाही होत नाही.

गेल्या वर्षी मी हा श्लोक एकदा वापरला होता. 'वापरला' हाच शब्द बरोबर आहे. बाबा गेले तेव्हा अकोल्याच्या घरी दादा लहान मुलासारखा रडत होता आणि मी दाखला, सामान, नातेवाइकांचे फोन बघत होतो. लोक म्हणाले, धाकटा किती खंबीर! तिसऱ्या दिवशी मी दादाला म्हणालो, "सावर आता. समुद्रासारखं राहावं माणसानं, गीतेत काय सांगितलंय?" तो गप्प बसला. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

यंदा दिवाळीला घरी होतो. पुतणी सातवीत आहे, भूगोलात भरती-ओहोटीचा धडा. माझा श्लोक ऐकून म्हणाली, "पण काका, समुद्र तं दिवसातून दोनदा हालते ना? मंग गीतेत चुकलं काय?"

मी काहीतरी गुळगुळीत उत्तर दिलं. "अगं, तो आतून स्थिर असतो." खोटंच होतं ते. मला समुद्राबद्दल काही माहीत नव्हतं. आपण वऱ्हाडातली माणसं, समुद्र पाहिला तो सहलीत. खारं पाणी मात्र ओळखीचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं.

पुण्याला परत आल्यावर वाचायला बसलो. आधी आपल्या घरचं पाणी कुठं जातं ते पाहिलं. अकोल्याची मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. पण अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेच्या सीमेवरची वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांत! आणि एवढं पाणी जाऊनही समुद्र भरत का नाही? तर तितकंच पाणी ऊन वर नेतं आणि पुन्हा पाऊस होतो. इथवर श्लोक आणि भूगोल हातात हात घालून चालतात.

पुढे अडतं. नद्यांमुळे समुद्रात काहीच बदलत नाही असं नाही. बंगालच्या उपसागरात इतकं गोडं पाणी येतं की त्याचा वरचा थर अरबी समुद्रापेक्षा कमी खारट असतो. प्रवाहांचं बघाल तर आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा, उत्तरेकडे. आणि भरती! चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडचं कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो आणि पृथ्वी त्याखालून फिरते. साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत ओढतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, सगळ्यात लहान. मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशी असेल तर सव्वाआठच्या सुमारास. (उपवास करणाऱ्यांनो, एवढं तरी लक्षात राहील!)

आता कुणी लगेच म्हणेल, ऋषींना हे सगळं ठाऊक होतं. तसं कृपया म्हणू नका. श्लोकात चंद्र नाहीच. तिथं आहे ते फक्त समुद्रात *शिरणारं* पाणी.

पण मी तिथंच अडखळलो. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तो समुद्राला एक थेंब देत नाही, एक थेंब नेत नाही. तरी खंभातच्या आखातात, जिथं शेवटी तापी पोचते, उधाणाला पाणी सुमारे दहा मीटर चढतं-उतरतं. म्हणजे जे मिळतं किंवा मिळत नाही त्यानं समुद्र हलत नाही. तो दुसऱ्या कशाच्या तरी ओढीनं हलतो, अख्खा हलतो. अकोल्याची जमीनसुद्धा त्याच ओढीनं वीतभर वर-खाली होते, आपल्याला कळत नाही इतकंच.

मग स्थितप्रज्ञानं दुसऱ्याच्या दुःखानं हलू नये असं श्लोक कुठं म्हणतो? कामना म्हणजे मला हवं ते. दादाचं रडणं ही काही माझी कामना नव्हती. ते ओढत होतं आणि मी हललो नाही. खारपाणपट्ट्यातली विहीरही स्थिर असते, पण तिचं पाणी कुणाच्या कामाचं नसतं.

इथं एक शंका उरतेच. छप्पन्नाव्या श्लोकात दुःखानं मन उद्विग्न होऊ नये असंही आहे. बाबांचं जाणं माझंही दुःख होतं. ते नदीत धरायचं की चंद्रात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दादाचं मात्र मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. नदी समुद्राला मिळते असं आपण म्हणतो. पण खाडीत रोज दोनदा उलट घडतं. भरतीला समुद्रच नदीत शिरतो, कित्येक किलोमीटर आत. खारं पाणी जड, म्हणून ते तळाशी घुसतं आणि गोडं वर राहतं. भरतीचा जोर मोठा असेल तर दोन्ही ढवळून एक होतात. इतक्या लांबून आलेल्या नदीला घ्यायला समुद्र पुढे येतो.

मी वर्षभर वाट बघत होतो, दादा फोन करेल म्हणून.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं अकोल्याला निघतोय. पुतणीला सांगायचंय की तिचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर नव्हतं. दादाला काय सांगायचं ते गाडीत बघेन, किंवा नाही बघणार.

उद्या श्लोक ७१. राम कृष्ण हरि.