प्रहरांचा अंमल

दुखणेकऱ्याला सायंकाळपासून अधिक होते आणि दिवस उजाडला की थोडा आराम पडतो, हा अनुभव ज्या घरात आजाराचे अंथरूण पडले आहे अशा प्रत्येक घराला असतो. परंतु त्या अनुभवाची शास्त्राच्या दप्तरी रीतसर नोंद करून त्याचे कारण शोधू पाहणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेईजिंग’ या चिनी ग्रंथास मानाचे स्थान द्यावे लागेल. प्रातःकाळ हा दिवसाचा वसंत, मध्याह्न ग्रीष्म, सूर्यास्त शरद आणि मध्यरात्र शिशिर, असे मानून तो ग्रंथ सांगतो की, शरीराचे बळ या क्रमाने वाढते व ओसरते, आणि म्हणूनच बहुतेक व्याधी सकाळी सौम्य, तर रात्री उग्र होतात. नाडी पहाटे पाहावी, कारण तेव्हा रोग्याच्या पोटात अन्न गेलेले नसते आणि दिवसाच्या हालचालीने रक्त क्षुब्ध झालेले नसते, ही त्याची सूचना तर रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याचीच आहे.

मात्र याच ग्रंथात एक निराळी वृत्तीही डोकावते. अहोरात्रात १३,५०० श्वास, प्रत्येक श्वासासरशी ‘ची’ ही प्राणशक्ती सहा चिनी अंगुळे पुढे सरकते, वाहिन्यांची एकंदर लांबी १,६२० अंगुळे. म्हणजे २७० श्वासांत एक फेरी आणि अहोरात्रात नेमक्या ५० फेऱ्या. हिशेब पैपर्यंत जुळतो. जुळत नाही तो श्वास. आपल्या योगपरंपरेने मानलेले २१,६०० श्वास मिनिटाला पंधरा पडतात व ते वास्तवाच्या पुष्कळच जवळ आहेत. तेव्हा पन्नासाचा आकडा आधी ठरला आणि श्वासांना त्याच्या पंगतीला मागाहून बसवले गेले, असेच मला वाटते.

पुढे बाराव्या शतकाच्या सुमारास ‘झीवू ल्यूझू’ ही पद्धती आकारास आली व तिने कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस, कोणत्या स्थानी सुई टोचावी याची कोष्टके सिद्ध केली. १६०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यांग जीझोऊच्या सूचिचिकित्सेवरील बृहद्ग्रंथातही त्यांना जागा मिळाली. पहाटे तीन ते पाच फुप्फुसांचा अंमल, मध्यरात्रीनंतर एक ते तीन यकृताचा, हा आज सर्वत्र मिरवणारा तक्ता त्याच परंपरेतला. त्यात ‘ची’ची दिवसाकाठी एकच फेरी होते, मूळ ग्रंथात पन्नास, ही विसंगती तक्त्याच्या अभिमान्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

माशीच्या पेशींतील घड्याळाच्या संशोधनास २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो तक्ता खरा ठरला असे पुष्कळांना वाटले. शरीरात कालगणना चालते एवढेच त्या संशोधनाने दाखविले. एक ते तीन या वेळेची सनद यकृताला त्यातून मिळत नाही. दम्याचा जोर उत्तररात्री वाढतो हे मात्र आजचा वैद्यही पाहतो, आणि म्हणून आपल्या वैद्य-डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे की, काय होते याबरोबरच केव्हा अधिक होते हेही त्यांनी रोग्याला विचारावे आणि ते टिपून ठेवावे.