झुंडशाहीचे बळ आणि सज्जनांचे मौन

कौरवसभेत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हा तेथे भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते. दुःशासनाचा हात रोखण्याचे सामर्थ्य त्यांच्यापैकी कोणाही एकाच्या अंगी होते. मग दोष दुःशासनाचा किती आणि सभेचा किती, हा प्रश्न आपल्या कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. आपणां हैदराबादकरांस तो पुराणातला म्हणून बाजूस ठेवता येत नाही. कारण ह्याच शहरात १९४७-४८ साली तो पुन्हा उभा राहिला होता.

रझाकारांची हकीकत आपल्या घरोघरी सांगितली जाते. ती बहुधा अत्याचारांची हकीकत असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु लातूरचा एक वकील दोन वर्षांत अवघ्या संस्थानावर वरचढ कसा झाला, हे तीत क्वचितच येते. कासीम रझवी १९४६ साली तत्कालीन मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला. पुढल्या वर्षी, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, भारत सरकारशी करार करण्यास दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना हजारोंच्या जमावाने वेढा घातला. त्यांत खुद्द पंतप्रधान छत्तारीचे नबाब आणि कायदेपंडित सर वॉल्टर माँक्टन होते. संस्थानाचे पोलीस त्या वेळी दूरच राहिले. निजामांनी शिष्टमंडळ थांबविले, छत्तारींनी पद सोडले, नवे शिष्टमंडळ गेले, आणि २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करारावर सही झाली. मजकूर जवळजवळ पहिलाच होता. राज्यात ह्यापुढे कोणाचे चालणार, हे मात्र त्या पहाटे सर्वांस कळून चुकले होते.

ह्या दलाचे भय दाखवून आपल्या वाटाघाटींस वजन आणावे, असा हिशेब दरबाराने केला असावा. जर्मनीतील मुत्सद्द्यांचा हिशेब ह्याहून निराळा नव्हता. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाची मते घटून एक तृतीयांशावर आली होती. तरीही, हा मनुष्य आपल्या मुठीत राहील, ह्या भरवशावर फॉन पापेन आदींनी वृद्ध राष्ट्राध्यक्षांचे मन वळविले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला. दोन महिन्यांच्या आत संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या हवाली केले. आपल्या संस्थानात लोकशाही नव्हती, तेव्हा ही तुलना लंगडी आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे. पण दरवाजा फोडावा लागला नाही, तो आतूनच उघडला गेला, हे दोन्हीकडे सारखे आहे.

मिळालेली सत्ता टिकवावयाची तर परक्यांइतकेच स्वकीयांसही भ्यावयास लावावे लागते. स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात गेले, ते विरोधक म्हणूनच. शोएबुल्ला खान ह्या तरुण संपादकाची गोष्ट वेगळी. आपल्या ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकातून तो रझाकारांचा निषेध करी आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करी. ऑगस्ट १९४८ मध्ये ह्याच शहरात त्याचा हात तोडून त्याला ठार करण्यात आले. कौरवसभेत धृतराष्ट्राचाच एक पुत्र विकर्ण उठून बोलला होता. आपण भीष्मांचे मौन आठवतो, विकर्णाचे नाव पुष्कळांस ठाऊकही नसते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. २३ सप्टेंबरला निजामांनी रेडिओवरून सांगितले की, रझवीच्या गटाने हिटलरी जर्मनीची आठवण करून देणाऱ्या रीतीने राज्य बळकावले व आपणांस असहाय केले. इटलीच्या राजानेही १९२२ साली स्वतःच बोलावून आणलेल्या मुसोलिनीस १९४३ च्या जुलैत, युद्ध अंगावर आल्यावर, दूर केले. असहायता अशी उशिरा आठवते.

येथवर सांगणे आपणांस सोपे जाते, कारण येथवर अपराधी दुसरे असतात. पुढचे सांगितलेच पाहिजे. रझाकारांचा पाडाव झाल्यावर त्यांच्या पापाची फेड ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, अशा मुसलमान कुटुंबांकडून घेतली गेली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडून, संस्थानात मारले गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक संहार उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा ह्या जिल्ह्यांत झाला. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या मूळ गावांच्या आसपास. तो अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. सरकारचे मौन एक वेळ समजते. पण गावांना तर सारे ठाऊकच होते. पारावर, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या प्रतिष्ठितांनी त्या आठवड्यांत काय केले? भीष्मांस विचारतो तोच हा प्रश्न आहे, आणि येथे तो आपल्या आजोबा-पणजोबांस विचारावा लागतो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, तेही हिंदू हल्लेखोरांपासून, आणि त्यात काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. त्यांच्या हाती अधिकार नव्हता की दरबारी वजन. शेजारच्या मागावर बसणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.