खळखळ, रटरट, खदखद

शहागडच्या पुलाखाली गोदावरी वाहती असली की दगडांवर खळखळते आणि डोहात शिरली की गप्प होते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना इतकी लावली की तिच्यातलं नदीचं निरीक्षण मागे पडलं. उथळ पाणी दगडांवर आपटतं, हवा पोटात घेतं, तिचे बुडबुडे होतात. आवाज त्या बुडबुड्यांचा. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा स्पंदतो, एक सेंटिमीटरचा जेमतेम ३३० वेळा. बुडबुडा मोठा, तर स्वर खाली.

मराठी कानाने हा भेद आधीच टिपला असावा. झऱ्याची झुळझुळ, ओढ्याची खळखळ, बुडत्या घागरीची बुडबुड. पाणी तेच, आतल्या हवेचा आकार बदलला की शब्द बदलतो, ‘ळ’च्या जागी जड ‘ड’ येतो. व्याकरणात अशा शब्दांची अनुकरणवाचक म्हणून दोन ओळींत बोळवण होते, ती मला मान्य नाही. हे शब्द नुसती नक्कल करत नाहीत, काम सांगतात. चुलीकडे पाठ करून भाकरीचं पीठ मळणाऱ्या बाईला आधणाची खळखळ आणि पिठल्याची रटरट वेगळी कळते. रटरट ऐकली की ती जाळ मागे ओढते. कुकर आल्यावर हे ऐकणं गेलं, शिट्ट्या मोजणं आलं.

नदीचंही तसंच. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये झालं. तेव्हापासून वरून पाणी सुटेल तशी शहागडची गोदावरी वाहते. पात्र कोरडं असताना वाढणाऱ्या मुलाला खळखळ पुस्तकातच भेटणार.

चुलीवरची खदखद मात्र टिकली, ती वर्तमानपत्रात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं हा वाद पेटला, की मराठवाड्यात असंतोष खदखदतो. शब्द रोज वापरून गुळगुळीत झाला, तरी त्याची निवड अचूक आहे. पातळ पाण्यातला बुडबुडा लगेच वर येऊन फुटतो. घट्ट पिठल्यात तो अडतो, तळाशी वाफ कोंडते आणि मग बुडबुडा फुटताना पिठलं हातावर उडतं. असंतोषाला खदखदणारा म्हणणाऱ्या पहिल्या माणसाने हे चुलीजवळ बसून पाहिलं असणार.