चांगुलपणाची पेटी

आठवीचा वर्गशिक्षक झालो त्या वर्षी मी वर्गात एक पेटी ठेवली. बुटांचा खोकाच होता, वरून रंगीत कागद चिकटवलेला. आठवड्यातून एकदा प्रत्येकानं दुसऱ्यासाठी केलेलं एखादं चांगलं काम चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. शनिवारी मी निवडक चिठ्ठ्या वाचायचो, टाळ्या व्हायच्या. स्वतःवर मी फार खूश होतो, हे आधीच सांगून टाकतो.

विचार अगदीच उथळ नव्हता. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की वाद्य वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागूनच न्यायी होतो. मग चांगुलपणाचाही रियाज करून घ्यावा, त्यात काय चुकलं?

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी लक्षात आलं, बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच मुलगा आहे. नाव मी वाचत नव्हतो, पण वर्गाला कळत होतंच. त्याला पोळी-भाजी दिली, पेन दिलं, जुना कंपास दिला. वडिलांचं काम सुटल्यापासून त्याचा डबा बंद झाला होता, आणि इकडे चाळीस मुलांना दर आठवड्याला एक चांगलं काम हवं होतं. तो सगळ्यांना पुरला.

मग मधल्या सुट्टीत तो वर्गातून नाहीसा व्हायला लागला. कधी नळापाशी दिसायचा, कधी जिन्याखाली. एका शनिवारी पेटीतून बिननावाची चिठ्ठी निघाली: ‘सर, पेटी बंद करा.’ अक्षर ओळखीचं होतं. ती मी वाचून दाखवली नाही.

सवय लागली होती, पण चिठ्ठी लिहायची. मुलांना दोष कसा देऊ? देणारा कोण आणि घेणारा कोण, हे दर शनिवारी मोठ्यानं जाहीर मीच करत होतो. आपल्या भाषेला हे माझ्याआधी कळलेलं आहे. ‘मला कुणाची दया नको’ असं आपण रागानं म्हणतो. ‘मला कुणाची माया नको’ असं सहसा कुणी म्हणत नाही. दया वरून खाली येते. माया शेजारून येते, बहुतेक वेळा न विचारता, आणि तिची नोंद कुणी ठेवत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे, असं सांगतात. मुलं खोलीत नसताना. पूर्वी मला त्यातली सेवा दिसायची, आता ते ‘नसताना’ जास्त दिसतं.

पेटी रद्दीत गेली. तिच्या जागी शनिवारी अंगतपंगत सुरू केली. जे असेल ते मधे ठेवायचं, वाढायची पाळी हजेरीच्या क्रमानं. कुणी काय आणलं, कुणी काहीच आणलं नाही, हे पाच मिनिटांत मिसळून जातं. यानं मुलं चांगली झाली का? ठाऊक नाही. निम्मी तर नुसत्या हावरेपणानं जेवतात.

दिवाळीनंतर एकदा त्या मुलानं भाकरी आणि लसणाची चटणी आणली. चटणी पहिल्या फेरीतच संपली. एका मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तसा तो तिची बाटली घेऊन नळाकडे पळाला.