भाड्याचा अतिथी

पुण्याला परदेशी विद्यार्थ्याचे अप्रूप नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिंबायोसिस संस्था स्थापन केली, ती मुळात अशा विद्यार्थ्यांना परमुलखात आपले म्हणावे असे एक घर लाभावे म्हणून. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका मुलाला वसतिगृहाच्या खिडकीतून जेवण दिले जात असल्याचे त्यांनी पाहिले होते. आपल्या कासारवाडीकडे मात्र माणसे आली ती कारखान्यांच्या ओढीने. मार्च २०२२ मध्ये येथून मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट २०२३ पासून ती शिवाजीनगरपर्यंत जाऊ लागली, आणि विनिमय योजनेखाली एखाद-दोन सत्रांसाठी आलेल्या विद्यार्थ्यालाही आपल्याकडची रिकामी खोली सोयीची वाटू लागली. ''परदेशी मुलाला जागा द्यावी का हो, फादर?'' हा प्रश्न त्यामुळे आम्हांला नवा राहिलेला नाही.

विचारणाऱ्यांची भीती खोटी नसते. तिन्ही पाळ्यांत राबून घेतलेली एकच जादा सदनिका, तिच्या भाड्यावर म्हातारपणाचे औषधपाणी. मुलाची भाषा कळत नाही, शेजारी काय म्हणतील ठाऊक नाही, पोलिसांकडे कोणते कागद द्यायचे याचा पत्ता नाही. आम्ही धर्मगुरू बिनभाड्याच्या घरात राहणारी माणसे. तेव्हा या बाबतीत उपदेश जपूनच केलेला बरा. तरीही भीती आणि फायदा यांच्या आड एक खरा प्रश्न उरतो. ज्याच्याकडून आपण दरमहा पैसे मोजून घेतो, त्याचे आपण यजमान असतो काय?

आपल्या परंपरेत अतिथी या शब्दाची फोड अशी करतात की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. भाडेकरूला तर दोन तिथ्या असतात, येण्याची आणि जाण्याची, आणि दोन्ही करारनाम्यावर लिहिलेल्या. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधात एक उपयोगी भेद केला आहे. परक्याला शत्रूसारखे न वागविणे ही दया नसून त्याचा हक्क आहे, असे तो म्हणतो. मात्र पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क त्यातून निघत नाही, त्याला वेगळा करार हवा. भाडेकरूशी आपण नेमका तो करार केलेला असतो. म्हणून त्याचे आपल्यावर पहिले देणे न्यायाचे. माया त्यानंतर येते. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. नाताळला करंज्यांचे ताट प्रेमाने दिले जाते, आणि शेजारच्या तशाच खोलीच्या दीडपट भाडेही त्याच मुलाकडून घेतले जाते, कारण तो परदेशी आणि त्याला दर ठाऊक नाहीत.

कागदपत्रांचा कंटाळा हाही याच क्रमाचा भाग. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज अजून घरोघर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन २०२५ साली नवा कायदा आला, तरी राहावयास आलेल्या परदेशी माणसाची माहिती २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळविण्याचे बंधन आश्रय देणाऱ्यावर आहेच. हे टाळले तर दंड मालकाला. पण राहण्याचा पुरावा नसलेला मुलगा परक्या देशात किती उघडा पडतो, याचा विचार क्वचितच होतो.

आणि मुळात दार कोणासाठी उघडते? गोऱ्या मुलासाठी जी खोली रिकामी असते, ती आफ्रिकेतून आलेल्या मुलाने विचारताच 'कालच गेली' असे होते. हे आम्ही कडवटपणे लिहीत नाही. आडनाव आणि स्वयंपाकघरात काय शिजते ते ऐकून आपल्यापैकी अनेकांनाही सोसायट्यांनी असेच परत पाठविले आहे. इजिप्तमध्ये आपणही परके होतो हे विसरू नका, अशी आठवण परमेश्वराने इस्राएलला दिली, तिचा अर्थ आपल्याला टीकेवाचून कळावा. इंग्रजीतला 'पॅरिश' हा शब्दही ग्रीक 'पॅरोइकिया'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ परक्या ठिकाणचे वास्तव्य. गोवा, मंगळूर, केरळ, अहमदनगर अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या धर्मग्रामाला हा अर्थ जड जाऊ नये.

आता बाजू उलटून पाहू. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत उतरल्या, तेव्हा परदेशी विद्यार्थिनी आपली होती. गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेल्या पत्राला एका मिशनरी नियतकालिकाने धर्मांतराचा सल्ला जोडला होता. तेच वाचून रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी कोणतीही अट न घालता घर देऊ केले. तेथे आनंदीबाई आपला आहार आणि आपला धर्म घेऊन राहिल्या, आणि यजमानीणबाईंना मावशी म्हणू लागल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत त्या आहेत.

कार्पेंटरबाईंनी भाडे घेतले नव्हते, तेव्हा हे उदाहरण येथे लागू नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते अधिकच लागू वाटते. फुकट ठेवणारी यजमानीण जर पाहुणीच्या विवेकावर आणि पानावर हक्क सांगत नाही, तर भाडे घेणाऱ्याला तो कोठून मिळाला? रात्री गोंगाट नको, वस्तू मोडू नयेत, एवढे मालकाने जरूर सांगावे. मुलगा नमाज पढतो की मिस्साला येतो, हे करारात बसत नाही.

खरी कसोटी शेवटच्या आठवड्यात लागते. परतीच्या विमानाची तारीख ठरलेली, आणि मालकाकडे डिपॉझिट. रंगाचे इतके, पंख्याचे तितके, असे म्हणत ते सारे गिळता येते. न्यायालयाची पायरी चढायला हा मुलगा समुद्र ओलांडून येणार नाही, हे दोघांनाही माहीत असते. म्हणून खोलीची पाहणी त्याच्या समक्ष व पुरेशी आधी करावी, खरोखर मोडले असेल त्याचीच पावतीनिशी वजावट करावी, आणि उरलेली रक्कम तो विमानतळाकडे निघण्यापूर्वी त्याच्या हाती ठेवावी.