उतारशाळेचा धनी

शास्त्रपाठ : लूक १०:३०-३५; नीतिसूत्रें १२:१०



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्यांतील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक मनुष्य लुटारूंच्या हातीं सांपडून अर्धमेला पडला होता. याजक आला, त्यानें पाहिलें व तो बाजूनें निघून गेला. लेव्यानेंही तसेंच केलें. ज्याच्याकडून कोणीं कांहीं अपेक्षा केली नसती असा शोमरोनी मात्र थांबला. ह्या तिघांविषयीं आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. परंतु त्या दाखल्यांत आणखी एक मनुष्य आहे, व त्याच्याविषयीं क्वचितच कोणी बोलतो. तो म्हणजे उतारशाळेचा धनी. शोमरोनी दुसऱ्या दिवशीं आपल्या वाटेनें गेला. जखमी मनुष्याजवळ राहिला तो हा धनी. त्याला अन्न द्यावें, त्याच्या जखमा धुवाव्या, तो बरा होईपर्यंत त्याला आपल्या छपराखालीं ठेवावें, आणि बरा झाल्यावर त्याला त्याच्या वाटेस लावावें, हें काम त्याच्या वांट्यास आलें. आज ह्या धन्याच्या कामाचा आपण एका अशा जीवासंबंधानें विचार करूं कीं, ज्याचें नांव उपदेशांत निघालें असतां कांहीं जण हंसतील. तो जीव म्हणजे आपल्या गांवांतील बेवारशी कुत्रें.

कुत्री व्याली कीं कोणी तरी तिचीं पिलें गोणींत घालून ओढ्याच्या कांठीं सोडून देतो. दोन दिवस त्यांचें ओरडणें ऐकूं येतें. तिसऱ्या दिवशीं तें बंद होतें. हमरस्त्यावर मोटारीचा धक्का लागून कमरेंत मोडलेलें कुत्रें फरफटत कडेला येतें, आणि सायंकाळच्या उपासनेस जाणारी मंडळी त्याच्या बाजूनें निघून जाते. ज्यानें दहा वर्षें खळें राखिलें, त्या म्हाताऱ्या कुत्र्याला डोळ्यांनीं दिसेनासें झालें म्हणजे टेंपोंत घालून परगांवीं सोडतात. हें सर्व पाहून आपण ‘अरेरे’ म्हणतों. याजकाला व लेव्यालाही कदाचित् वाईट वाटलें असेल. शास्त्र त्याविषयीं कांहींच सांगत नाहीं, कारण त्यांच्या वाईट वाटण्यानें त्या जखमी मनुष्याचें दुःख तिळभरही हलकें झालें नाहीं.

कोणी विचारील, जनावरांविषयीं शास्त्रांत आज्ञा कोठें आहे? नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत नीतिमान् मनुष्याची खूण सांगतांना त्याच्या उपासतापासांचा उल्लेख नाहीं; तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, हीच खूण सांगितली आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, वैऱ्याचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसलें तरी त्याला तसेंच टाकून जाऊं नये. म्हणजे धन्याशीं असलेल्या वैराचें ओझें मुक्या जनावरावर लादूं नये. मळणीच्या बैलाला मुसकें बांधण्याची मनाई अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. निनवेवर दया कां करावी हें योनाला समजावितांना परमेश्वर तेथील गुरांचीही आठवण देतो. प्रलयानंतरचा करार केवळ नोहाशीं झाला नाहीं, तर तारवांतून निघालेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशीं झाला. आणि आपल्या प्रभूनें शिकविलें आहे कीं, क्षुल्लक मोलानें विकली जाणारी चिमणीही बापाच्या दृष्टीआड नाहीं. हें खरें कीं, शास्त्रांत कुत्र्याचें नांव बहुधा तिरस्कारानेंच येतें. तरी श्रीमंताच्या दाराशीं फोडांनीं भरलेला लाजर पडला असतां त्या वाड्यांतून कोणी बाहेर आल्याचें लूक लिहीत नाहीं. आलीं तीं कुत्रींच, असें तो लिहितो.

आतां एक प्रश्न असा आहे कीं तो टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. आपल्या मंडळ्यांतील वडील माणसें म्हणतील, ‘आमच्या आजापणजांना लोकांनीं कुत्र्याहूनही खालीं लेखिलें. कुत्रें ओट्यावर चढे. आम्ही अंगणाबाहेर उभे राहूं. आतां आम्हांसच कुत्र्याची सेवा करावयास सांगतां काय?’ बंधूंनो, हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो जखमेंतून निघालेला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिण्याची मोकळीक होती, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला तेथें ओंजळ भरूं देत नसत. तो हक्क बजावण्यासाठीं सन १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों लोकांसह त्या तळ्यावर जावें लागलें. हा इतिहास विसरून जो भूतदयेचा उपदेश करितो, त्याचा उपदेश पोकळ आहे. ज्या घरांत कुत्र्याला दूध मिळतें आणि गड्यापुढें शिळा तुकडा टाकिला जातो, त्या घरच्या दयेला देव दया म्हणणार नाहीं.

परंतु अन्याय कशांत होता तें नीट पाहा. मुक्या जीवाला पाणी मिळालें, हा अन्याय नव्हता. माणसाला मिळालें नाहीं, हा अन्याय होता. जनावराच्या तोंडचें पाणी तोडल्यानें कोणाचाही मान वाढत नाहीं. दारांतून हांकललें जाणें म्हणजे काय, हें ज्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्याच्याच दारांत हांकललेल्या जीवाला जागा मिळाली, तर त्याहून मोठी साक्ष कोणती? तुम्ही मिसर देशांत परके होतां, म्हणून परक्याला छळूं नका, अशी आठवण देवानें इस्राएलास वारंवार दिली. सोसलेल्या दुःखाची आठवण एकाचें हृदय दगड करिते व दुसऱ्याचें हृदय उघडिते. कोणतें होऊं द्यावयाचें, हें आपल्या हातीं आहे. कनानी स्त्रीवर ‘कुत्र्या’चा शब्द पडला, तरी ती त्याखालीं दबून गेली नाहीं. मेजाखालच्या चुऱ्यांतही धन्याची कृपा आहे, हें तिनें ओळखिलें. आणि प्रभूनें तिचा विश्वास मोठा आहे असें सर्वांदेखत म्हटलें.

हें काम आपल्या देशास नवें नाहीं. कुत्र्यानें भाकरी पळविली असतां संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, ही कथा आपल्या शेजाऱ्यांच्या घरोघरीं सांगतात. ख्रिस्ती लोकांतही ह्या कामासाठीं झिजलेलीं माणसें झालीं आहेत. आर्थर ब्रूम नांवाच्या पाळकानें सन १८२४ मध्यें लंडन शहरीं जनावरांवरील क्रौर्य बंद करण्यासाठीं संस्था काढिली. गुलामगिरीविरुद्ध झटणारे विल्बरफोर्स साहेब त्या कामांत सामील होते. संस्थेच्या कर्जापायीं ब्रूमला तुरुंगांत बसावें लागलें, पण संस्था बुडाली नाहीं. त्याच शहरांत मेरी टीलबी नांवाच्या बाईनें सन १८६० मध्यें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं घर उघडिलें. वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली. तिनें त्या घराला ‘तात्पुरतें घर’ असें नांव दिलें होतें. म्हणजे ती उतारशाळाच होती. तें घर पुढें बॅटरसी येथें गेलें व आजही चालू आहे. मुंबईंत ह्याच कामासाठीं सन १८७४ मध्यें संस्था स्थापन झाली, व परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. आपल्या गांवीं असें मोठें रुग्णालय नाहीं. पण पडवी आहे, व उतारशाळेला तेवढें पुरे.

तर हें काम कसें करावें? प्रथम सावधपणा. जें कुत्रें विनाकारण अंगावर येतें, ज्याची लाळ सारखी गळते, किंवा ज्याचा जबडा लुळा पडला आहे, त्याला हात लावूं नये. मुलांना दूर ठेवून जनावरांच्या दवाखान्यास व ग्रामपंचायतीस कळवावें. कुत्रें चावलें किंवा त्यानें ओरबाडलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा मिरची लावूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लशीचीं सर्व इंजेक्शनें नेमल्या तारखांस घ्यावीं. मंत्र घालणाऱ्याकडे जाण्यांत वेळ दवडूं नये. पिसाळण्याचीं लक्षणें माणसांत एकदां दिसूं लागलीं म्हणजे बहुतेक कोणी वांचत नाहीं. परंतु वेळीं लस घेतल्यास तो रोग टळतो. पाश्चर साहेबांनीं सन १८८५ मध्यें ही लस प्रथम एका मुलाला टोंचली. इतक्या वर्षांनंतर आपल्या हयगयीनें एखादें लेंकरूं दगावावें, ही लाजेची गोष्ट होईल.

जखमी कुत्रें वेदनेच्या भरांत ओळखीच्या माणसालाही चावतें. म्हणून त्याच्यावर जाड गोणपाट टाकून, फळीवर घेऊन, त्याला दवाखान्यांत न्यावें. घरीं आणल्यावर पडवीचा एक कोपरा, कोरडें अंथरूण व पाण्याचें भांडें एवढें पुरतें. पहिले १४ दिवस त्याला घरच्या कुत्र्यांपासून निराळें ठेवावें, म्हणजे रोग पसरत नाहीं. आई जिवंत असल्यास पिलांना आठ आठवड्यांचीं होईपर्यंत तिच्यापासून तोडूं नये. आई नसल्यास काय पाजावें तें डॉक्टरांस विचारावें, कारण गाईच्या दुधानें पुष्कळ पिलांना हगवण लागते. भाताबरोबर अंडें चालतें; कांदा, चॉकोलेट व कोंबडीचीं शिजविलेलीं हाडें देऊं नयेत. जंतांचें औषध द्यावें, आणि पिलूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे पिसाळ रोगाची लस टोंचून घ्यावी. तसेंच डॉक्टरांच्या सल्ल्यानें नसबंदी करवावी. एक कुत्री वर्षांत दोन वेळांही विऊं शकते. जीं पिलें पुढें गोणींत जाणार, तीं जन्मासच येऊं नयेत, हीही दयाच आहे. सन २०२३ च्या नियमांनीं नसबंदीचें व लशीचें काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोंपविलें आहे. त्यासाठीं अर्ज करण्यास भिऊं नये. पाळलेलें जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितींत टाकून देणें हा सन १९६० च्या कायद्यान्वयें अपराध आहे, हेंही मंडळींत सांगावें. लस टोंचलेलें व नसबंदी झालेलें कुत्रें गांवांत असलें म्हणजे आपलीं मुलेंही अधिक निर्भय राहतात. म्हणून ही दया मुलांच्या विरुद्ध नाहीं. ती त्यांच्याच बाजूची आहे.

मुलांच्या तोंडचा घांस काढून कुत्र्याला घाला, असें मी म्हणत नाहीं. दाखल्यांत एकानें सगळें केलें नाहीं. शोमरोन्यानें तेल, द्राक्षारस व दोन नाणीं दिलीं. धन्यानें जागा व वेळ दिला. मंडळींतही एकानें औषधाचा खर्च उचलावा, दुसऱ्यानें आपल्या मोटारसायकलीवरून दवाखान्यांत पोंचवावें, तिसऱ्यानें पडवी द्यावी. उपदेशकानें एका वहींत अशा घरांचीं नांवें लिहून ठेवावीं, आणि एका घरावर एका वेळीं एकाच जीवाचा भार टाकावा. दया लवकर थकून बसली, तर पुढच्या जीवाला दार बंद होतें.

ह्या कामांतील सर्वांत कठीण दिवस शेवटचा आहे. कुत्रें बरें होतें, हाकेला धांवत येतें, मुलांच्या पायांशीं झोंपतें. आणि मग त्याला कायमचें घर देणारा कोणी भेटतो. तेव्हां डोळ्यांत पाणी येतें. कित्येक म्हणतात, ‘पुढें सोडावें लागणार, तर घ्यावेंच कशाला?’ परंतु पाहुण्याला कोंडून ठेवणाऱ्याची उतारशाळा राहत नाहीं. हन्नेनें शमुवेलाला दूध तुटेपर्यंत वाढविलें तें परमेश्वराच्या मंदिरांत देण्यासाठींच. द्यावयाचें आहे हें ठाऊक असूनही तिनें त्याच्यावर थोडें प्रेम केलें असें नाहीं. तुम्हीही देतांना डोळे उघडे ठेवा. दिवसभर सांखळीस बांधून राखण करवून घेणाऱ्यास देऊं नका. महिन्याभरानें जाऊन पाहून या. आणि कधीं कधीं तुमची सेवा घेऊनही तें जीव सोडील. तेव्हां आपलें श्रम वायां गेले असें म्हणूं नका. तें रस्त्याच्या कडेला, तहानेनें व्याकूळ होऊन मेलें नाहीं. शेवटच्या घटकेस एक हात त्याच्या मस्तकावर होता.

प्रियांनो, आपल्याजवळ जें आहे तें सर्व असेंच थोड्या काळासाठीं आपल्या स्वाधीन केलेलें आहे. शेत आपलें नाहीं, लेंकरें आपलीं नाहींत, हें शरीरही आपलें नाहीं. आपण मालक नव्हों, उतारशाळेचे धनी आहों. ज्यानें जखमी जीव आपल्या दाराशीं आणून ठेविला, तो शोमरोनी पुन्हां येणार आहे, आणि जो अधिक खर्च होईल तो परत येतांच फेडण्याचें वचन त्यानें दिलें आहे. तो येईल तेव्हां आपल्या वहींत खर्चाचा कांहीं आंकडा असावा. कोरी वही त्याला दाखवावी लागूं नये.

हे करुणामय पित्या, तूं कावळ्याच्या पिलांनाही अन्न पुरवितोस. आमच्या दाराशीं आलेल्या मुक्या जीवाकडे पाहून बाजूनें निघून जाण्याच्या पापापासून आम्हांस राख. जे माणसांनीं हांकलले होते त्या आम्हांस तूं आपल्या घरांत घेतलेंस. ती कृपा आमच्या हातांतून लहानांतल्या लहान जीवापर्यंत पोंचूं दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.